एका घासाचा पाववडा आणि परळचा भोंगा

अलीकडे लग्नाच्या स्वागत-समारंभात, बारशाला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनानंतरच्या चहापानाला एक पदार्थ तबकातून फिरताना दिसतो. पावाचा लहानसा तुकडा, त्यात लसणीची चटणी आणि बटाट्याची भाजी, आणि तो सबंध तुकडा बेसनात बुडवून तळलेला. आकार एका घासाचा. कोणी त्याला पाववडा म्हणतात, कोणी उलटा वडापाव. नाशिककडे तर हा उलटा वडापाव चांगला मोठाही मिळतो. पावात वडा की वड्यात पाव, एवढाच काय तो फरक! पण ज्या वडापावावरून हा घास बेतला, तो मुळात पाहुण्यांपुढे ठेवायचा घास नव्हता. ते एका श्रमलेल्या माणसाचे जेवण होते. त्या जेवणाचा पाहुणचाराचा घास कसा झाला, हे आज पाहावयाचे आहे. ही गोष्ट आहे मुंबईतल्या परळ, लालबाग आणि दादर या भागांची, म्हणजेच गिरणगावाची.

प्रथम त्यातले जिन्नस पाहू. बटाटा आपला वाटतो, इतका आपला की उपासालाही चालतो. पण त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि त्यांचाच 'बटाटा' हा शब्द मराठीत राहिला. मिरचीही अमेरिकेचीच आणि तीही पोर्तुगीजांनीच आणली. पावाबद्दल अनेकांची समजूत अशी की, त्याचे पीठ पायांनी मळतात म्हणून तो पाव. ही समजूत चुकीची आहे. पोर्तुगीज भाषेत रोटीला 'पांव' म्हणतात, त्यावरून आपला पाव आला. गोव्यात पोर्तुगीजांनी ही भट्टीची विद्या रुजवली आणि पुढे गोवेकरांनी व इराण्यांनी मुंबईत तिचा धंदा वाढवला. उरले ते हरभऱ्याचे पीठ, लसूण, हळद आणि हिंग. त्यांचा आपल्या स्वयंपाकघराशी संबंध फार जुना आहे.

आता एक गंमत बघा. बटाटा आला, मिरची आली, कोणी फारशी विचारपूस केली नाही. दोघांनाही थेट देवघराच्या शेजारी जागा मिळाली. पाव मात्र उंबऱ्याबाहेर राहिला. का? बटाटा शेतातून येतो. पाव कोणाच्या तरी हातून तयार होऊन येतो. तो हात ख्रिस्ती किंवा मुसलमान माणसाचा, आणि अडचण होती ती त्या हाताची. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर वगैरे मंडळींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा, अशी तिथे रीत होती. पण हे सारे गुप्तपणे! 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला जाऊन बाहेर फुटली आणि सभा मोडली. पुढे 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतली म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर केवढे वादळ उठले, ते शिक्षकबंधूंना ठाऊकच आहे. ज्या प्रांतात पावाचा एक तुकडा खाणे हे बंड होते, त्याच प्रांतात तो चौकाचौकांत उघड्यावर खाल्ला जाऊ लागला. हा पालट केवळ व्याख्यानांनी झाला नाही. तो घडवण्यात गिरणीच्या भोंग्याचा वाटा फार मोठा आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापिली. ताडदेवला ती 1856 मध्ये सुरू झाली. पाहता पाहता भायखळ्यापासून परळपर्यंत धुराडी उभी राहिली. कामाला माणसे आली ती रत्नागिरीहून, साताऱ्याहून, पुणे-कोल्हापूरकडून. बहुतेक एकटे पुरुष, बायकामुले गावी. एका खोलीत पाळीपाळीने झोपावयाचे आणि खानावळीत जेवावयाचे. ह्या खानावळी चालवणाऱ्या बहुधा बाया. घरच्याच चुलीवर त्या पाच-दहा जणांचा स्वयंपाक करीत. त्यांच्या कष्टांची दखल फार उशिरा घेतली गेली. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कोठे ह्या बायांना बँकेच्या कर्जाचा दरवाजा उघडला.

आणि कामाचे तास? 1881 चा पहिला कारखाना कायदा झाला तो मुलांपुरता. मोठ्या माणसाने किती तास राबावे, ह्यावर त्यात मर्यादाच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून कामगारांची संघटना उभारून सतत मागणी केली, तेव्हा 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आज शाळेला रविवारी सुट्टी असते, तेव्हा मुलांना लोखंडे यांचे नाव जरूर सांगावे. 1891 च्या कायद्याने दुपारी अर्धा तास यंत्रे थांबवण्याचे बंधन आले. 1911 मध्ये गिरणीतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला आणि 1948 च्या कायद्याने तो नऊ तासांवर. त्या कायद्यातही सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली आहे. म्हणजे कामाचे तास पुष्कळ घटले, पण जेवणाचा वेळ तो अर्धा तासच राहिला! त्यातच हात धुवावयाचे, रांगेत उभे राहावयाचे, खावयाचे आणि पुन्हा साच्यावर हजर व्हावयाचे. पाळी बदलताना तर आणखी घाई. एक लोंढा दरवाज्यातून आत आणि दुसरा बाहेर. पुन्हा लोकलगाडी गाठावयाची असे ती वेगळीच.

अशा माणसाला काय हवे असते? बसायला जागा नको, ताट नको, एका हाताने खाता आले पाहिजे, पोटाला आधार झाला पाहिजे आणि खिशाला परवडले पाहिजे. बटाटेवडा आपल्याकडे आधीपासून होताच. हॉटेलात बशीतून मिळत होता. पाव भट्टीतून रोज सकाळी ताजा येत होता. दोन्ही एकत्र आणण्याचे श्रेय बहुतेक जण अशोक वैद्य यांना देतात. 1966 मध्ये दादर स्थानकाबाहेर त्यांनी गाडी लावली आणि वडा पावात घालून देण्यास सुरुवात केली, असे सांगतात. त्याच सुमारास दादरलाच सुधाकर म्हात्रे यांनीही ते सुरू केल्याचे सांगितले जाते. पहिला कोण, ह्याचा वाद आपण सोडून देऊ. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे निराळी गोष्ट ध्यानात घ्यावी. एखाद्या वस्तूची गरज हजारो माणसांना एकाच वेळी भासू लागते, तेव्हा ती दोन ठिकाणी सुचणे मुळीच अशक्य नाही.

विलायतेतही असेच काही घडले होते. अठराव्या शतकात सँडविच ह्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा एक सरदार होता, जॉन मॉन्टेग्यू. पत्त्यांच्या डावावरून उठावे लागू नये म्हणून त्याने पावाच्या दोन कापांत मांस घालून मागितले, अशी आख्यायिका आहे. त्याचे चरित्रकार म्हणतात, डाव नव्हे, कामाचे टेबल असेल. काही असो. त्या सरदाराला टेबलावरून उठावयाचे नव्हते. आमच्या परळच्या कामगाराला बसावयाला सवड नव्हती. पाव दोघांच्याही उपयोगी पडला.

पण मला ह्या पदार्थात विलायतेपेक्षा आपले खेडेच जास्त दिसते. शेतावर नेण्याच्या शिदोरीत काय असते? भाकरी, झुणका, लसणीची चटणी, वर एक मिरची. आता वडापाव उलगडून पाहा. भाकरीच्या जागी पाव. झुणक्याचे बेसन बटाट्याभोवती गुंडाळलेले. लसणीची चटणी तीच. तळलेली हिरवी मिरचीही तीच. गावाकडची शिदोरी थापणारे हात गावी राहिले आणि माणूस शहरात एकटा आला, तेव्हा तीच शिदोरी त्याला वेगळ्या रूपात गाडीवर मिळाली. एरव्ही इतके नवे अन्न इतक्या लवकर तोंडी बसते ना! गाडीवर उभा असताना शेजारचा कोणत्या जातीचा, हे विचारावयाला कोणाला वेळ नसे. जे परमहंस सभेने दार लावून केले, ते येथे भर रस्त्यात आणि शपथेवाचून झाले.

ह्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र दुःखाचा आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो नुसता विरून गेला. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. कित्येक जण गावी परतले. कित्येक घरांत बायांनी पोळपाट-लाटणे बाहेर काढले, आणि कित्येकांनी कोपऱ्यावर कढई मांडली. जो काल गाडीवर उभा राहून वडापाव खात होता, तोच आज गाडीमागे उभा राहून तळू लागला. रोजगार गेला तेव्हाही कुटुंबाला आधार दिला तो ह्याच जिनसाने. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती आल्या. लोअर परळला जेथे फिनिक्स गिरणीचे साचे चालत, तेथे आता मोठा बाजार आहे. आणि ह्या नव्या इमारतींतल्या समारंभांत तो एका घासाचा पाववडा तबकातून फिरतो. त्यात वाईट काही नाही. अन्न असेच वर-खाली फिरत असते. पण ज्याचे ते जेवण होते, त्याला मात्र आपण विसरू नये.

आपल्यालाही तो घरी किंवा शाळेच्या कार्यक्रमाला करता येईल. चोवीस घासांना सहा पाव पुरतात. पाव आदल्या दिवसाचे घ्यावेत. ताजे पाव पिठात लगेच विरघळतात. अर्धा किलो बटाटे उकडून, पाणी राहू न देता कुस्करावेत. आले, लसूण आणि हिरवी मिरची वाटून, मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीत परतून बटाट्यात मिसळावी. मीठ, कोथिंबीर आणि थोडे लिंबू. सुके खोबरे, लसूण, लाल तिखट आणि मीठ कुटून कोरडी चटणी करावी. पाव आडवा चिरून आत चटणी पसरावी, त्यावर भाजीचा थर द्यावा, पाव मिटून हलक्या हाताने दाबावा आणि त्याचे चार तुकडे करावेत. दोन वाट्या बेसनात दोन चमचे तांदळाचे पीठ, मीठ, हळद, चिमूटभर सोडा आणि दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून बेताच्या पाण्याने दाटसर पीठ भिजवावे. पीठ तुकड्याला धरून राहिले पाहिजे; पातळ झाले तर पाव तेल पितो. तेल चांगले तापले की तुकडा पिठात चटकन बुडवून सोडावा. एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त सोडू नयेत, नाहीतर तेल निवते. सोनेरी झाले की काढावेत आणि गरम असतानाच वाढावेत.

आणि शिक्षकबंधूंना एक विनंती. हे घास मुलांच्या हातात पडतील त्या दिवशी फळ्यावर जगाचा नकाशा लावा. बटाटा कोठला, मिरची कोठली, पाव हा शब्द कोणाचा, हरभरा कोणत्या शेतातला, ते मुलांकडून नकाशावर दाखवून घ्या. मग विचारा, तुमच्या घरातले कोणी मुंबईला गिरणीत होते काय? कोकणात आणि साताऱ्याकडे अशा वर्गात एखादा तरी हात वर होईल. त्या मुलाला घरी जाऊन विचारू द्या की आजोबा किती वाजताच्या पाळीला जात, जेवायला किती वेळ मिळे, संपाच्या वर्षी घर कसे चालले. जे उत्तर येईल ते वहीत उतरवून घ्या. गिरण्यांची धुराडी पडत चालली, पण त्या साच्यांवर उभी राहिलेली काही माणसे अजून गावोगावी आहेत. त्यांना विचारून घेण्याची वेळ हीच आहे.