कपाट जिना उतरते तेव्हा

कोर्टकचेरीच्या भाषेत मालमत्तेचे दोन प्रकार असतात: स्थावर आणि जंगम. घर, जमीन ही स्थावर. पलंग, पेट्या, भांडीकुंडी ही जंगम. फ्रेंच भाषेतही खुर्च्या-कपाटांना ‘मोब्ल’ म्हणतात, त्याचा अर्थ ‘हलवता येणारे’; आणि इमारतीला म्हणतात ‘इमोब्ल’, न हलणारी. नाव छान आहे. पण चौथ्या मजल्यावरचे पोलादी कपाट खाली आणायची पाळी आली, की त्याला जंगम कुणी ठरवले, असे विचारावेसे वाटते.

युरोपात हे नाव पडले तेव्हा ते खोटे नव्हते. मध्ययुगातले सरदार एका गढीतून दुसऱ्या गढीत नेहमीच जात-येत. बरोबर असत घडीच्या खुर्च्या, घोड्यांवर आडव्या टाकायच्या फळ्यांची मेजे, गुंडाळता येणारे पडदे आणि संदुका. आपल्याकडच्या वाड्यांत तरी काय होते? गादी, लोड, तक्के, पाट, चौरंग. काठेवाडात मात्र पितळी पत्र्याने मढवलेले थोरले पटारे करीत, आणि त्यांना खाली चक्क चाके बसवीत. जड वस्तू घडवायची तर तिच्या प्रवासाची सोय घडवतानाच करायची, ही समज त्या सुतारांना होती. आज बोलायचे आहे ते या समजेविषयी, आणि ती सुटली म्हणजे भार कुणावर पडतो त्याविषयी.

माणूस एका जागी स्थिरावला, हाती पैसा खेळू लागला, तसतसे सामान फुगत गेले. लंडनच्या उत्तरेला वेअर नावाचे गाव आहे. तिथल्या सराईत 1590च्या सुमारास ओक लाकडाचा एक पलंग आला. त्याची रुंदी तीन मीटरांहून जास्त! शेक्सपिअरने ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकात त्याचा उल्लेख केला, एवढा तो गाजला. हे धूड पुढे गावातल्या एका सराईतून दुसरीत गेले, मग गाव सोडून गेले, 1931 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ते विकत घेतले, आणि 2012 साली वर्षभरासाठी ते पुन्हा माहेरी वेअरलाही जाऊन आले. हे जमले, कारण त्याचे खांब, छत, डोक्याकडची कोरीव फळी हे सारे वेगळे करता येते. अखंड असता तर पहिल्या सराईच्या दारातच अडकून बसला असता.

पण या विद्येला खरा बहर आला तो इंग्रजी फौजेच्या छावण्यांत, आणि त्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी बोटीने यायचा, मग बैलगाडी, उंट, हत्ती, आणि बऱ्याचदा हमालाची पाठ. इतके करून साहेबाला खण असलेले कपाट हवेच! तेव्हा सुतारांनी युक्ती काढली. कपाट आडवे कापून त्याच्या दोन पेट्या केल्या, एकीवर दुसरी ठेवायची. पाय फिरवून काढायचे आणि खणात टाकायचे. कडी बाहेर आली तर ती दोराला अडकणार, शेजारच्या पेटीला ओरखडे काढणार. म्हणून पितळी कड्या लाकडात खोदून सपाट बसवल्या. आपटतात ते कोपरे, म्हणून कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. आज लोक त्या पट्ट्या शोभेच्या समजतात; मूळच्या त्या चिलखतासारख्या आहेत.

याहून चतुर निघाली रुरकी खुर्ची. रुरकी हे लष्करी इंजिनिअरांचे ठाणे, त्यावरून हे नाव. तिला सरस नाही, खिळा नाही. निमुळत्या टोकाचे दांडे पायांच्या भोकांत नुसते बसवायचे, कापड आणि पट्टे ताणायचे. माणूस बसला की त्याच्याच वजनाने सांधे आवळतात, आणि उंचसखल जमिनीवरही चारी पाय टेकतात. उठला की मोळी बांधून चालू लागा.

व्यापाऱ्यांनी हे उचलले नसते तरच नवल. व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने 1859 साली वाफेने लाकूड वाकवून चौदा नंबरची खुर्ची काढली. लाकडाचे सहा तुकडे आणि मूठभर स्क्रू. सुट्या केलेल्या अशा 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत आपण ज्या खुर्च्यांवर चहा-मस्का घेतला, त्या याच घराण्यातल्या.

सामान सुटे होईना, तर घराने सोय करावी. ॲम्स्टरडॅममध्ये कालव्याकाठची घरे अरुंद, जिने शिडीसारखे. पण माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला आकडा असतो. कप्पी अडकवून पियानोसुद्धा खिडकीतून वर घेतात. बऱ्याच घरांची दर्शनी भिंत किंचित पुढे झुकलेली असते, म्हणजे लोंबते सामान भिंतीवर घासत नाही.

मुंबईच्या चाळी बांधणाऱ्यांनी असला आकडा काही ठेवला नाही. वर जाणारे सामान म्हणजे ट्रंका आणि वळकट्या, असाच त्यांचा हिशेब असावा. पुढे 1923 साली गोदरेजने पोलादी कपाटे बनवायला घेतली आणि हळूहळू ते कपाट लग्नाच्या रुखवतापर्यंत पोचले. चोराला न उघडणारे, वाळवीला न खाता येणारे, आणि एकसंध. मग ते कठड्यावरून दोराने ओढायचे, नाहीतर जिन्याने पाठीवरून न्यायचे.

ही पाठ कुणाची? माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. बाजारातल्या आणि गोद्यांतल्या अशा कामगारांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले, आणि 1969 साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांवर या माणसांचा हक्क तेव्हा लागला. घरोघरची कपाटे उचलणारे सगळेच त्यात आले, असे मात्र नाही. नाक्यावरून बोलावलेला गडी रोजंदारीवरच येतो, आणि कंबर धरली तर दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते.

त्याला बोलावण्याआधी घरधन्याने करायची कामे थोडीच आहेत. कपाट पुरते रिकामे करावे. साड्यांचे वजन काही कमी नसते, बरं का. दारे कुलूप लावून वर दोरीने बांधावीत. जिन्याचे वळण आणि कपाटाची उंची आधी दोरीने मापून घ्यावी, अधांतरी उचलून धरल्यावर नव्हे. जिना उतरताना तिरप्या कपाटाचा जास्त भार खालच्या माणसावर येतो आणि त्याला पायरी दिसत नाही. म्हणून हुकूम त्याचा चालावा. तो ‘थांबा’ म्हणाला, की वरच्याने थांबायचे, आणि घरधन्याने मधे बोलायचे नाही.