ब्रेकिंग पॉइंट (दूरचित्रवाणी मालिका)

‘बॅले वेस्ट’ या अमेरिकी बॅलेसंचातील नर्तकांवर बेतलेला रिॲलिटी शो. ‘द सीडब्ल्यू’ या वाहिनीवर २०१२ व २०१३ मध्ये त्याचे दोन हंगाम दाखवले गेले. निर्मिती बीबीसी वर्ल्डवाइड प्रॉडक्शन्सची, चित्रीकरण मुख्यतः युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीत. हा संच १९६३ मध्ये विलम ख्रिस्टेन्सन यांच्या पुढाकाराने उभा राहिला. सान फ्रान्सिस्कोत १९४४ साली ‘नटक्रॅकर’ या बॅलेचा अमेरिकेतील पहिला संपूर्ण प्रयोग बसवणारे ते हेच. मालिकेच्या काळात कलासंचालकपदी ॲडम स्क्लूट होते.

बॅलेसंचातला खरा ताण कॅमेरा येण्याच्या आधीपासूनच तिथे असतो. अमेरिकेत नर्तकाचा करार बहुधा एका हंगामापुरता असतो. कोणाला ठेवायचे, कोणाला वरच्या श्रेणीत घ्यायचे, कोणाला निरोप द्यायचा, हे कलासंचालक ठरवतो. करार नाकारला गेला तरी चालू हंगामाचे प्रयोग पार पाडायचे असतात, तेही ज्यांचे करार पक्के झाले त्यांच्या शेजारी उभे राहून. पहिल्या हंगामात नर्तक एकेक करून स्क्लूट यांच्या खोलीत जातात, ते प्रसंग म्हणूनच मालिकेतले सर्वांत खरे वाटतात. दोन-चार वाक्यांत एखाद्याचे पुढचे वर्ष ठरते. लहानपणापासून रोज सरावाच्या बारजवळ (आडव्या दांड्याजवळ) उभे राहिलेल्या माणसाचा चेहरा त्या क्षणी बदलतो. तिथे संकलकाला वरून काही घालावे लागत नाही.

एवढे हाती असूनही मालिका वारंवार प्रेमप्रकरणांकडे वळते. ॲलिसन डिबोना आणि रेक्स टिल्टन या नर्तकांच्या नात्यातील ओढाताणीला बराच वेळ दिला आहे (पुढे या दोघांनी लग्न केले). ज्येष्ठ मुख्य नर्तिका क्रिस्टियाना बेनेट आणि झपाट्याने पुढे येणारी तरुण बेकॅन सिस्क यांच्याकडेही स्पर्धेच्या चष्म्यातून पाहिले जाते. वयाचा प्रश्न खोटा नाही, बॅलेत तो निर्दयपणे खरा आहे. पण ज्येष्ठ नर्तिकेकडे तालमीत काय साठलेले असते, उडी लहान झाल्यावर हातांची ठेवण आणि संगीताची समज कशी कामाला येते, हे दाखवायला नृत्य सलग दिसावे लागते. इथे ते तुकड्यांत दिसते. चवड्यावर तोललेले शरीर डोक्यापासून पायापर्यंत एका चौकटीत पाहायचे असते. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की प्रेक्षकाला भावना कळते, काम कळत नाही. दुसऱ्या हंगामात फ्रेडरिक ॲश्टन यांच्या ‘सिंडरेला’ची तयारी आहे. १९४८ च्या या रचनेत पावलांचा वेग आणि कमरेतून वळणारे धड फार अवघड. अशी रचना शरीरात कशी उतरते, हा एकच विषय अनेक भागांना पुरला असता.

गौण भूमिका करणारे आणि एका रेषेत, एका श्वासात नाचणारे समूहनर्तक कथेच्या कडेला राहतात. याउलट अभिनेत्री सारा जेसिका पार्कर यांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये इंटरनेटवर आलेल्या ‘सिटी.बॅले’ या मालिकेने न्यूयॉर्क सिटी बॅलेतील उमेदवार, समूहनर्तक, एकलनर्तक आणि मुख्य नर्तक या पायऱ्यांनाच विषय केले. फ्रेडरिक वाइजमन यांच्या ‘ला दांस’ (२००९) या पॅरिस ऑपेरा बॅलेवरील माहितीपटात निवेदन नाही आणि मुलाखतीही नाहीत. तालीम तालमीइतकीच लांबते. रिॲलिटी शोला इतका धीर परवडत नाही, हे मान्य केले तरी फरक ठळक उरतो.

इंग्लिश नॅशनल बॅलेवरील ‘ॲगनी अँड एक्स्टसी’ (बीबीसी फोर, २०११) ही तीन भागांची मालिका माहितीपट आणि रिॲलिटी शो यांच्या सीमेवर उभी आहे. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, चहूबाजूंनी प्रेक्षक असताना साठ हंस नाचवणाऱ्या ‘स्वान लेक’ची तालीम तिच्यात आहे. तिथे नृत्यरचनाकार डेरेक डीन हे पस्तिशी ओलांडलेल्या नर्तिका डारिया क्लिमेंटोव्हा यांच्यावर कठोर शब्दांत तुटून पडतात. त्या प्रसंगावर पुष्कळ टीका झाली. त्याच तालमीत क्लिमेंटोव्हा यांच्या जोडीला विशीतले वदिम मुंतागिरोव्ह होते. ही जोडी नंतर इंग्लंडमधील नावाजलेल्या बॅलेजोड्यांत गणली गेली आणि क्लिमेंटोव्हा २०१४ मध्ये रंगमंचावरून निवृत्त झाल्या.