राजकीय स्वाक्षरीसंग्रह (मराठवाडा)

राज्याच्या राजकारणातील नेत्यांच्या सह्या, हस्तलिखित संदेश, पत्रे आणि शेरे जमवून जतन करण्याचा छंद. शाळकरी मुलाच्या वहीतली सही, ग्रंथाच्या पहिल्या पानावरील सही, संस्थेच्या अभिप्रायवहीतील मजकूर, शिफारसपत्र आणि निवेदनाच्या समासात मंत्र्याने मारलेला शेरा हे त्याचे मुख्य प्रकार. महात्मा गांधी सहीसाठी पाच रुपये घेऊन ते हरिजन निधीत जमा करत. सहीभोवतीचे हे आकर्षण तेव्हापासून टिकून आहे. मात्र मराठवाड्यात, विशेषतः छत्रपती संभाजीनगरात, हा संग्रह कौतुकापुरता राहू नये. मजकूर, तारीख आणि स्थळ यांच्यासह जपलेली सही हे प्रादेशिक इतिहासाचे साधन आहे. त्यांच्यावाचून जपलेली सही केवळ आठवण ठरते.

याचे कारण प्रदेशाच्या घडणीत आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. बारा वर्षांच्या आत शासनाचे नाव, कागदाचा मथळा आणि कारभाराची भाषा बदलली. त्यामुळे ‘महाराष्ट्र शासन’ असा छापील मथळा असलेला कागद 1960 पूर्वीचा म्हणून कोणी पुढे केला, तर तो तेथेच खोटा ठरतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यास घेण्यापूर्वी व्यंकटेश खेडगीकर होते, म्हणून त्यांच्या कागदांचा काळ नावावरूनही ओळखता येतो. छत्रपती संभाजीनगर शहराच्या नावाबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. अधिकृत नामांतर 2023 मधले असले, तरी बाळासाहेब ठाकरे यांनी 1988 मध्येच ‘संभाजीनगर’ हे नाव जाहीर केले होते. तेव्हा हस्तलिखितात ते नाव दिसले म्हणून कागद अलीकडचा ठरत नाही.

मजकुराचे मोल विद्यापीठ नामांतराच्या प्रश्नावरून कळते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 1978 मध्ये झाला. नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला. या सोळा वर्षांत कोणत्या नेत्याने कोणाला काय लिहिले, हे तारीखवार पत्रातून कळते. कोऱ्या पानावरच्या सहीतून नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण या मराठवाड्याच्या चार मुख्यमंत्र्यांपैकी निलंगेकरांची कारकीर्द 1985-86 मधली, वर्षाहूनही कमी काळाची होती. दुर्मीळतेच्या हिशेबाने संग्राहक त्या काळच्या कागदाला जास्त मानेल. अभ्यासकासाठी मंत्रिपदाबाहेर राहून प्रदेशाच्या विकासाचा लढा चालवणाऱ्या गोविंदभाई श्रॉफ यांचे एखादे सविस्तर पत्र अधिक बोलके ठरेल. पद आणि पुरावा या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.

या छंदात व्यक्तिपूजा असते, हा आक्षेप खरा आहे. पण संग्रहात विरोधी पक्षांचे, आंदोलकांचे आणि नाकारलेल्या मागण्यांचेही कागद ठेवले की तो उरत नाही. सही बनावट असू शकते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या बनावट सह्या व शिक्के असलेली निवेदने आढळल्यावर 2024 मध्ये मुंबईत गुन्हा दाखल झाला होता. पण या धोक्यावरचा उपायही संदर्भच आहे : कागद कोणाकडून आला, कोणत्या कामाचा होता, त्याच काळातील दुसऱ्या सहीशी जुळतो का, हे पडताळता येते, सुट्या सहीला हा आधार नसतो. सरकारी दप्तर असताना खासगी संग्रह कशाला, असेही विचारले जाते. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य फायली जळाल्या. अर्जदाराच्या घरी राहिलेली प्रत अशा वेळी पुरावा म्हणून उरते. मात्र कार्यालयातील मूळ कागद काढून घेणे हा संग्रह नव्हे. ते दप्तर सार्वजनिक अभिलेखविषयक कायद्यांच्या कक्षेत येते. ऐतिहासिक मोलाचा, 75 वर्षांहून जुना दस्तऐवज 1972 च्या पुरावशेष कायद्याखालीही येऊ शकतो.

जतनाचे नियम साधे आहेत. कागद लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये, उन्हात टांगू नये; आम्लविरहित पाकिटात ठेवावा. सही कोणी, कुठे, केव्हा आणि कशासाठी दिली, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. मराठवाड्यातील संग्राहकांनी आपल्या वह्यांची सूची करून स्कॅन प्रती शहरातील ग्रंथालयांना, विद्यापीठाला किंवा पुराभिलेख कार्यालयाला द्याव्यात. घरातल्या कपाटातला संग्रह पुढच्या पिढीत बहुधा रद्दीत जातो. सूचीत नोंदलेला संग्रह अभ्यासकाच्या हाती पडतो.