बारा मोटांची विहीर आणि आमच्या सोसायटीचं कारंजं

परवा सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला: बागेत कारंजं बसवायचं, त्यासाठी नवीन बोअर मारायची. आणि आवारातली जुनी विहीर? ती बुजवून पार्किंग! मी एवढंच म्हटलं, त्याआधी सगळ्यांनी एकदा लिंबला जाऊन या.

साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर लिंब. तिथली बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. एवढी मोठी विहीर कशासाठी? तर बागेसाठी! भोवतालच्या आमराईत ३,३०० झाडं होती, असं सांगतात.

बैल धावेवरून उतरायचे, नाडा ओढला जायचा, भरलेली मोट वर यायची आणि तिची सोंड थारोळ्यात मोकळी व्हायची. तिथून पाणी पाटात, पाटातून झाडाच्या आळ्यात. गंमत बघा, इथे शोभेचं कारंजं नाही. विहिरीतच छोटा महाल आहे. गारवा हवा तर माणसानंच पाण्याजवळ जायचं.

मोटेचे दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. माणसाचे आणि बैलांचे त्यात फार हाल होते. पण बैल दमले की उपसा थांबायचा आणि रात्रभरात विहीर पुन्हा भरायची. मोटर दमत नाही. म्हणून उपशाची मर्यादा आता आपणच ठरवायला हवी.

माझं म्हणणं सोपं आहे. विहिरीतला गाळ काढा, पाणी तपासून घ्या. झाडांना ठिबक लावा. आळ्याचंच ते नवं रूप. पण विहिरीच्या पाण्यातल्या कचऱ्यानं आणि क्षारांनी ठिबकची भोकं बुजतात, त्यामुळे फिल्टर हवाच आणि नळ्या अधूनमधून धुवायला हव्यात. गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडा. एवढं करून कारंजं हवंच असेल तर तेच ते पाणी फिरवणारं छोटं बसवा, आणि भर उन्हात बंद ठेवा.

तीनशे वर्षांपूर्वीची विहीर बघायला आपण गाडी काढून जातो, सेल्फी घेतो. आणि दारातली बुजवतो.

पुढच्या रविवारी मतदान आहे. माझं मत विहिरीला. तुमच्या गल्लीतल्या विहिरीचं काय झालं? कमेंटमध्ये सांगा.