राजाश्रय सुटलेली नभोवाणी

राजाश्रय आणि लोकाश्रय हे शब्द आपण नाटक-संगीताच्या इतिहासात नेहमी ऐकतो. अमेरिकेतील सार्वजनिक नभोवाणी केंद्रांची कथाही याच दोन शब्दांत सांगता येईल. १९४९ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे लुईस हिल नावाच्या शांततावादी गृहस्थाने सहकाऱ्यांसह ‘केपीएफए’ हे केंद्र काढले. जाहिराती घ्यावयाच्या नाहीत, सरकारचा पैसाही नको. ज्याला ऐकावयाचे त्याने वर्गणी द्यावी. आता, न देणाऱ्यालाही सारे फुकट ऐकू येणारच! १९५० च्या ऑगस्टमध्ये पैसा संपून केंद्र बंद पडले. श्रोत्यांनी निधी जमवला तेव्हा कुठे ते १९५१ च्या मेमध्ये पुन्हा बोलू लागले. व्याख्यानमाला चालविणाऱ्यांना वर्गणीचे हे अर्थशास्त्र निराळे सांगावयास नको.

राजाश्रय आला १९६७ च्या कायद्याने. मूळ विधेयक केवळ चित्रवाणीसाठी होते. नभोवाणीवाल्यांच्या खटपटीने तिचे नाव त्यात मागाहून घातले गेले. या कायद्याने स्थापलेल्या महामंडळाकडून केंद्रांना अनुदान मिळू लागले. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकन काँग्रेसने पुढील दोन वर्षांसाठी मंजूर केलेले ११० कोटी डॉलर परत घेतले आणि पुढच्याच महिन्यात महामंडळाने आवराआवर जाहीर केली. ही केंद्रे एकतर्फी बोलतात, करदात्याने त्यांचा भार का वाहावा, असे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या पक्षाचे म्हणणे. प्रश्न गैर नाही. पण रोष होता तो मुख्यतः राष्ट्रीय बातम्यांवर आणि पैसा जात होता तो बहुतांशी स्थानिक केंद्रांकडे.

मोठ्या शहराचे केंद्र असा घाव सोसते. न्यूयॉर्क शहराने १९२४ पासून चालविलेले ‘डब्ल्यूएनवायसी’ नगराध्यक्ष जुलियानी यांच्या कारकीर्दीत विकावयाचे ठरले, तेव्हा केंद्राच्याच विश्वस्त संस्थेने ते २ कोटी डॉलरना, हप्त्याहप्त्याने विकत घेतले. १९९७ मध्ये हा व्यवहार पुरा झाला. केंद्र तरले, कारण वर्गणी द्यावयाला मागे अख्खे न्यूयॉर्क होते.

अलास्कातील बेथेलच्या मागे कोण आहे? कुस्कोक्विम नदीकाठचे हे गाव बाहेरच्या जगाशी रस्त्याने जोडलेले नाही. तेथील ‘केवाययूके’ हे केंद्र १९७१ पासून इंग्रजीबरोबर यूपिक या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतही बोलते. त्याच्या उत्पन्नाचा सुमारे ७० टक्के भाग महामंडळाकडून येई. विखुरलेल्या लहान वस्त्यांतून, शिकार-मासेमारीवर पोट भरणाऱ्या माणसांकडून वर्गणी ती किती जमणार? दानसंस्थांनी अशा केंद्रांसाठी तातडीचा निधी उभारला, हे खरे. पण तो धक्का सोसण्यापुरता आहे, दरसालचा नव्हे. मग माणसे कमी करावयाची, शेजारच्या केंद्राशी कार्यक्रम वाटून घ्यावयाचे, असे उपाय उरतात. दुसऱ्या शहरातून आणलेली बातमी स्वस्त पडते खरी, पण नदीवरचा बर्फ पाय देण्याजोगा आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते.

अनुदान गेल्यानंतर तीनच महिन्यांनी, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, हॅलाँग वादळाचा तडाखा याच किनाऱ्याला बसला. किपनक आणि क्विगिलिंगोक येथली घरे पाण्याबरोबर वाहून गेली, हजाराहून अधिक माणसांना हलवावे लागले. त्या दिवसांतही ‘केवाययूके’ यूपिक आणि इंग्रजी, दोन्ही भाषांतून बोलत होते.