रेटिनॉल वापरायला सुरुवात करताय? आधी या गोष्टी समजून घ्या

‘एका आठवड्यात ग्लास स्किन’, ‘रात्री लावा, सकाळी फरक बघा’... स्किनकेअरचे रील्स बघणाऱ्यांना रेटिनॉल हे नाव आता नवीन नाही. सुरकुत्या, पिंपल्स, काळे डाग या सगळ्यांवर एकच उपाय म्हणून त्याची जाहिरात होते. रेटिनॉलचा उपयोग होतो हे खरं आहे, पण एका आठवड्यात नाही. आणि घाईने लावलं तर डाग जाण्याऐवजी नवे डाग पडू शकतात.

रेटिनॉल म्हणजे नेमकं काय?

रेटिनॉल हे ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप आहे. त्वचेत गेल्यावर त्याचं आधी रेटिनाल आणि मग रेटिनॉइक ॲसिड होतं. खरं काम हे ॲसिड करतं. त्यामुळे नव्या पेशी लवकर तयार होतात, रोमछिद्रं तुंबणं कमी होतं आणि त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजेनची निर्मिती वाढते.

रेटिनॉल सौंदर्यप्रसाधनांमध्ये मिळतं. ट्रेटिनॉइन म्हणजे थेट रेटिनॉइक ॲसिडच. ते जास्त तीव्र असतं आणि भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायचं औषध आहे. नावं सारखी वाटतात म्हणून केमिस्टकडून रेटिनॉलऐवजी ट्रेटिनॉइनची ट्यूब आणणं ही नेहमी होणारी गल्लत आहे.

रात्रीच का लावायचं?

उजेडात आणि हवेत रेटिनॉल लवकर खराब होतं. शिवाय ते वापरताना त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. म्हणून रात्री रेटिनॉल आणि सकाळी किमान एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन, ही जोडी तोडायची नाही. सनस्क्रीनचा कंटाळा असेल, तर रेटिनॉल न घेतलेलंच बरं.

विकत घेताना काय बघायचं?

पहिल्यांदा वापरणाऱ्यांनी ०.१ ते ०.३ टक्क्यांपासून सुरुवात करावी. १ टक्क्याची बाटली नवख्यांसाठी नाही. युरोपियन युनियनने तर चेहऱ्याच्या उत्पादनांमध्ये रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के इतकीच ठेवली आहे.

पॅकिंगही बघा. पारदर्शक बाटली किंवा रुंद तोंडाची डबी टाळा. अपारदर्शक ट्यूब किंवा पंप चांगला. त्वचा कोरडी असेल तर सीरमपेक्षा क्रीम सोयीचं पडतं.

सुरुवात कशी करायची?

१. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन रात्री बघा. खाज, पुरळ आलं तर तिथेच थांबा.

२. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री लावा. त्रास झाला नाही तर एक दिवसाआड. रोज लावायची घाई नको.

३. चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या. वाटाण्याएवढं रेटिनॉल अख्ख्या चेहऱ्याला पुरतं. नाकाच्या, ओठांच्या आणि डोळ्यांच्या कडा सोडा.

४. वरून मॉइश्चरायझर लावा. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, पुन्हा मॉइश्चरायझर.

५. त्याच रात्री ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड, स्क्रब, लिंबाचा रस असं काही लावू नका. चेहऱ्याचं वॅक्सिंग करायचं असेल तर चार-पाच दिवस आधी रेटिनॉल बंद ठेवा, नाहीतर त्वचा सोलली जाऊ शकते.

जळजळ झाली तर?

सुरुवातीला थोडा कोरडेपणा, हलकी सालं निघणं, काहींना थोडे जास्त पिंपल्स येणं हे होऊ शकतं. पण आग होणं, सूज किंवा सतत लालसरपणा म्हणजे ‘रेटिनॉल काम करतंय’ असं नाही. अशा वेळी काही दिवस पूर्ण थांबून फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन वापरा.

आपल्यासाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर जळजळ झाली की ती जागा नंतर काळी पडते आणि असे डाग जायला कित्येक महिने लागतात. म्हणजे डाग घालवायला आणलेल्या बाटलीमुळेच डाग वाढतात.

कोणी लावू नये?

गरोदर महिलांनी आणि बाळाचं नियोजन करणाऱ्यांनी रेटिनॉल टाळावं. याच गटातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकतं हे सिद्ध झालं आहे. क्रीममधून शरीरात फार कमी प्रमाण जातं, तरीही खबरदारी म्हणून डॉक्टर ते बंद करायला सांगतात. स्तनपान करणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. एक्झिमा किंवा रोझेशिया असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना सुरकुत्यांसाठी रेटिनॉलची गरजच नसते.

या ट्यूबपासून सावध

गोरं होण्यासाठी म्हणून मैत्रीण किंवा केमिस्ट सुचवतात त्या काही क्रीममध्ये ट्रेटिनॉइनसोबत हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड असतं. पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळतो, पण महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर केस वाढतात आणि क्रीम थांबवलं की त्रास उसळतो. या गैरवापरामुळेच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीमची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. ट्यूबवर मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं नाव दिसलं तर ती डॉक्टरांशिवाय लावू नका. आधीपासून लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

फरक कधी दिसतो?

साधारण तीन महिन्यांनी. बारीक सुरकुत्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून दर महिन्याला बाटली बदलण्यापेक्षा कमी टक्क्यांची एकच बाटली नियमित वापरणं जास्त फायद्याचं आणि खिशालाही परवडणारं आहे.