पहिला घोट

पुण्यात नवीन हॉटेल उघडले की गावाचे सरळ दोन तट पडतात. एक तट उद्घाटनाच्या दिवशीच रांगेत उभा असतो. दुसरा तट समोरच्या फुटपाथवर उभा राहून त्या रांगेकडे बघतो आणि म्हणतो, "बघू या, सहा महिने तरी टिकतंय का!" संख्याबळ अर्थातच दुसऱ्या तटाकडे. नव्या हॉटेलात आपण आधी जायचे नसते, शेजाऱ्याला जाऊ द्यायचे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुधाची पिशवी घ्यायला धडधाकट खाली उतरला, की मग सहज विचारल्यासारखे विचारायचे, "काय हो, कसं काय होतं काल?"

हल्ली या दुसऱ्या तटाचे फार हाल आहेत. कोथरूड म्हणा, बाणेर म्हणा, आठ दिवस एखाद्या रस्त्याने गेले नाही की नवव्या दिवशी तिथे काचेचे एक दुकान उगवलेले असते. आत गोड पदार्थ मिळतात, पण त्यांना मिठाई म्हणायचे नाही; 'डेझर्ट' म्हणायचे. चीजकेक, वॉफल, तिरामिसू आणि तैवानहून जगभर पसरलेला तो बबल टी. म्हणजे साबुदाण्याच्या टपोऱ्या गोळ्या घातलेला गार चहा. ज्या साबुदाण्यावर आमच्या तीन पिढ्यांनी एकादश्या काढल्या, तो जाड नळीतून सूं करून ओढायचा, हे पचवायला जरा वेळ लागतोच.

आमच्या हिचे नानाकाका अशा ठिकाणी एकदा आमच्याबरोबर आले. त्यांनी चीजकेकचा तुकडा चमच्याने चहूबाजूंनी तपासला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "चक्का आहे. गोड करून बिस्किटावर थापलाय." मग बिल पाहून डोळे उघडले आणि म्हणाले, "एवढ्यात आमच्या वेळी मुंज व्हायची." एवढे बोलून त्यांनी तो तुकडा संपवला, बशीतला चुराही बोटाने टिपला आणि बाहेर आल्यावर "आपलं ते खरं" असे म्हणून पान लावायला निघून गेले.

नानाकाकांचे 'आपलं ते' ऐकले की मला इतिहास आठवतो. कारण आज जे आपले, जुने, खानदानी म्हणून आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो, ते प्रत्येक ठिकाण एके काळी काल-परवा उघडलेले होते आणि समोरच्या फुटपाथवर कोणी ना कोणी नाक मुरडत उभे होते. नुसते नाक मुरडून भागले तर ठीक. आमच्या गावाने चहाच्या एका कपासाठी थेट खटला चालवलेला आहे.

ही गोष्ट १८९० सालची. गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. तिथे ऑक्टोबर महिन्यात व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली बडी बडी मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. व्याख्यान झाले आणि पाठोपाठ मिशनच्या मंडळींनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आणली. पाद्र्याच्या घरचा चहा! कोणी प्यायले, कोणी यजमानांचा मान राखायचा म्हणून नुसता कप हातात धरला. इथवर सारे सभ्यपणाने पार पडले. पण हा बेत जुळवून आणणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे हे यजमान म्हणजे साऱ्या पुण्याला ठाऊक असलेले तऱ्हेवाईक प्रकरण. त्यांनी हजर असलेल्यांची यादीच्या यादी 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. सुधारक आणि सनातनी दोघांचीही एकदम पंचाईत करण्याचा इतका स्वस्त उपाय पुढे कोणाला सापडल्याचे ऐकिवात नाही.

मग काय विचारता! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशी बसली, शास्त्रार्थ झडले, घराघरांत तट पडले. श्राद्धाला ब्राह्मण मिळेनात. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांची बोलणी खाल्ली. म्हणजे आधी चहा घेतला म्हणून एका बाजूची आणि मग प्रायश्चित्त घेतले म्हणून दुसऱ्या बाजूची. रमाबाई रानड्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली निघाले. त्यात या प्रकरणाने घरातल्या माणसांना किती ताप झाला ते वाचायला मिळते. वाचताना हसू येते, पण ते फार वेळ टिकत नाही. एवढी मोठी माणसे, हायकोर्टाच्या वाटेवरचे न्यायाधीश, देशाचे पुढारी. आणि कपात काय आहे यापेक्षा तो कोणाच्या हातून आला, याचा हिशेब त्यांनाही चुकला नाही.

आता विचार करा, दुसऱ्याच्या हातचा चहा घेणाऱ्या थोरामोठ्यांची ही गत. मग ज्याच्या हातचा चहा कोणी घेणारच नाही, अशा माणसाने हॉटेल काढले तर? याचे उत्तर पुण्यात नव्हे, कोल्हापुरात मिळते.

गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. अस्पृश्य असून हौदाच्या पाण्याला हात लावला, एवढ्या कारणावरून त्यांना इतर नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना सांगितले, की नोकरी पुरे, स्वतःचा धंदा काढा. त्यासाठी पैशाची मदत केली. कांबळ्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल उघडले आणि नाव ठेवले 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, रस्ता वर्दळीचा. आणि गिऱ्हाईक? एकही नाही. महाराचा चहा प्यायचा कोणी? अख्ख्या गावाने समोरचा फुटपाथ धरला.

ही बातमी महाराजांना लागली. आता छत्रपतींच्या हाती हुकूम होता, शिपाई होते. अस्पृश्यतेविरुद्ध १९१९ साली त्यांनी जाहीरनामे काढलेही. पण माणसाला हुकुमाने चहा पाजता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असावे. त्यांनी सोपी गोष्ट केली. फेरफटक्याला निघाले की त्यांचा खडखडा कांबळ्यांच्या दुकानापुढे थांबू लागला. महाराज भर रस्त्यात मोठ्याने चहा मागवायचे आणि सगळ्यांच्या देखत प्यायचे. बरोबर बसलेल्या मानकऱ्यांच्या हातातही कप यायचा. महाराज पीत असताना आपण नको कसे म्हणणार? त्या मानकऱ्यांचे चेहरे कोणी टिपून ठेवले असते, तर मराठी विनोदी वाङ्मयात मोलाची भर पडली असती.

नवीन हॉटेलाची याहून चांगली शिफारस मी आजवर ऐकलेली नाही. हल्ली लोक पदार्थाचा फोटो काढतात, तारे देतात, 'एकदा जाऊन याच' असे लिहितात. महाराजांनी काही लिहिले नाही. ते आले, थांबले, प्यायले. १९२२ साली ते गेले. आणि १९२५ साली कोल्हापुरात नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभे राहिले, त्यात पुढाकार होता तो गंगाराम कांबळ्यांचा. एका घोटाची फेड माणूस किती करतो ते पाहा.

पुण्यात असा खडखडा कुठल्या दुकानापुढे थांबला नाही. पुण्यात हे काम केले इराण्यांनी, आणि तेही समाजसुधारणेचा ओ की ठो न करता. इराणातून आलेली ही माणसे, कोणी जरथुष्ट्री, कोणी मुसलमान. त्या काळी खाणावळीच्या पाटीवर हॉटेलाच्या नावाआधी मालकाची जात वाचायला मिळे. इराण्याने पाटीवर जात लिहिली नाही आणि आत आलेल्याला विचारली नाही. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, पैसे टाका आणि चहा प्या. १९३५ साली डेक्कनवर 'गुडलक' उघडले. आज तिथे बनमस्क्यासाठी ताटकळणारे लोक मोठ्या भक्तिभावाने उभे असतात. पण १९३५ साली ते आमच्या नानाकाकांच्या वडिलांच्या दृष्टीने कोपऱ्यावरचे एक नवे, संशयास्पद दुकान होते.

आमच्या घरी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कॉलेजच्या दिवसांतली एक गोष्ट सांगत. संध्याकाळी ते उशिरा घरी आले. आजीने दारातच विचारले, "कुठे होतास रे?"

"लायब्ररीत."

"हो का? आणि लायब्ररीत हल्ली लोणी देतात वाटतं, मिशीला लावायला?"

अण्णांना परसदारी आंघोळ करावी लागली. पावाचा तुकडा विहिरीत पडला तर गाव बाटते, असे ऐकत मोठ्या झालेल्या बाईचा मुलगा बुडवून बुडवून पाव खात होता! पण पुढे हीच आजी गुडघे धरल्यावर अण्णांना हळूच म्हणायची, "येताना तो मऊ पाव आण रे, दातांना बरा पडतो." धर्म बुडायला एक घोट पुरतो आणि सवय लागायला दात पडावे लागतात.

सांगायचा मुद्दा, हॉटेल ही काही नुसती जिभेची गोष्ट नव्हे. हे ओळखले ते आपल्या घटनाकारांनी. १९५० साली घटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात, मूलभूत हक्कांच्या भारदस्त यादीत, दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा चक्क नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला मज्जाव करता येणार नाही. देशाचा कायदा लिहिताना विद्वान माणसांना हॉटेल आठवावे, यातच सगळे आले. डॉक्टर आंबेडकरांसारखा मसुदा समितीचा अध्यक्ष असल्यावर ते विसरणे शक्यही नव्हते.

त्याच सुमारास पुण्यात नव्या हॉटेलांची रीघ लागली. १९५० साली भिलवडीचे चितळे पुण्यात दुकान घालून बसले. जगन्नाथ शेट्टींनी फर्ग्युसन रस्त्यावर इडली-डोशाचे हॉटेल थाटले, तेच पुढे 'वैशाली' झाले. १९५५ साली कॅम्पात कयानी बेकरी निघाली आणि इंग्लंडातल्या श्रूजबेरी गावाचे नाव पुण्याच्या बिस्किटाला कायमचे चिकटले. १९६८ साली सदाशिव पेठेत 'सुजाता'ची मस्तानी आली. घट्ट दूध, त्यावर आइस्क्रीमचा गोळा. प्यायचे म्हणून मागवायचे आणि चमच्याने खायचे. तेव्हाच्या नानाकाकांनी ग्लास तपासून निकाल दिलाच असेल, "दूधच आहे. वर बर्फ ठेवलाय." आज मस्तानी ही पुण्याची परंपरा आहे. परंपरा म्हणजे आजोबांनी नावे ठेवलेली आणि नातवाने आवडीने खाल्लेली गोष्ट. आणि जुन्यांनाही नवे व्हावे लागतेच. २०१७ साली चितळे दुपारीही उघडे राहू लागले, तेव्हा ती वर्तमानपत्रांतली बातमी होती!

तेव्हा नवीन दुकानात जरूर जावे. जाताना थोडी पारख ठेवावी. पदार्थांची यादी चार पानांची असेल तर सावध. सात-आठच पदार्थ असतील तर ते मनापासून केलेले असण्याचा संभव जास्त. मालक स्वतः गल्ल्यावर किंवा भट्टीपाशी दिसला तर बसावे. पहिल्या खेपेस एकच पदार्थ मागवावा आणि चौघांत वाटून खावा. आवडला तर दुसरा, नाही तर चौघांत शिव्या वाटून घ्याव्यात.

आणि आणखी एक गोष्ट मी हल्ली बघतो. त्या काचेच्या दाराबाहेर पाठीवर चौकोनी पिशव्या अडकवलेली पोरे उन्हात उभी असतात. आतला गारेगार तुकडा पाचव्या मजल्यावरच्या कोणाकडे तरी वितळायच्या आत पोचवायचा असतो. कोणी त्यांची जात विचारत नाही. तेवढे आपण शिकलो. पण आतल्या रिकाम्या खुर्चीवर त्यांना बसताना मी फारसे पाहिलेले नाही. कुठेकुठे सोसायट्यांत त्यांच्यासाठी लिफ्टही वेगळी असते. काच फार स्वच्छ असते हो. आरपार दिसते, पण तीही भिंतच.

परवा एका अगदी नव्या दुकानात मात्र मालकीणबाईंनी दार उघडले आणि बाहेरच्या तिघांना हाक मारली, "आत बसा रे, अजून दहा मिनिटं आहेत. पाणी तिथे ठेवलंय." पोरे जरा बिचकली, मग आत येऊन बसली. त्या दुकानातले चीजकेक कसे आहे म्हणता? गोड आहे. चक्क्यासारखे लागते. सहा महिने टिकेल की नाही ते सांगता येत नाही. म्हणूनच म्हणतो, या आठवड्यात जाऊन या.